मृत्यूच्या खोऱ्यांतील मुक्काम

कांहीं स्थळांचीं नांवें त्यांची कीर्ति वाढवितात, तर कांहींचीं नांवें त्यांच्यावर अन्याय करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेस, ‘डेथ व्हॅली’ या नांवाचें एक वाळवंट आहे. ‘मृत्यूचें खोरें’ हा त्या नांवाचा सरळ अर्थ. असल्या ठिकाणीं कोणी मुलांबाळांसह मोटार घेऊन जावें, तेथें तंबू ठोकून चार रात्री काढाव्या, आणि घरीं परतल्यावर पुढील हिवाळ्यांत पुनः जाण्याचे बेत करावे, हें ऐकणारास विलक्षण वाटेल. परंतु प्रतिवर्षीं लाखों लोक हेंच करतात. त्यांतील बहुतेक सुखरूप परत येतात; थोडे येत नाहींत. येणारे आणि न येणारे यांच्यांत भेद कशाचा असतो, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम या भूमीचें रूप ध्यानांत घेतलें पाहिजे. पूर्वेस अमारगोसा पर्वत, पश्चिमेस पॅनामिंट पर्वत, आणि दोहोंच्या मध्यें दक्षिणोत्तर पसरलेली, शंभराहून अधिक मैल लांबीची चिंचोळी द्रोणी, असें हें खोरें आहे. ‘बॅडवॉटर’ या ठिकाणीं त्याचा तळ समुद्रसपाटीच्या खालीं २८२ फूट आहे. उत्तर अमेरिका खंडांत याहून सखल भूमि नाहीं. तेथें उभें राहून मागें वळून पाहिलें म्हणजे कड्यावर उंच लाविलेली एक पाटी दिसते. समुद्राची पातळी कोठवर आली असती, एवढेंच ती सांगते. समोर पश्चिमेस टेलिस्कोप शिखर दिसतें. त्याची उंची ११,०४९ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. हिवाळ्यांत पायांखालीं मिठाचा पांढरा थर आणि समोर बर्फाचा पांढरा माथा, असा देखावा एकाच दृष्टिक्षेपांत मावतो.

सह्याद्रीनें पाऊस अडविल्यामुळें माणदेशाची जी स्थिति झाली आहे, तीच स्थिति येथें अनेक पटींनीं वाढलेली आहे. पॅसिफिक महासागरावरून निघालेले मेघ एकामागून एक पर्वतरांगा ओलांडतांना आपलें पाणी सांडून रिकामे होतात, आणि या खोऱ्यापर्यंत पोंचतात तेव्हां त्यांच्यांत देण्यासारखें कांहीं उरत नाहीं. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारें दोन इंच. मुंबईस आषाढांतील एका सकाळींही इतका पडून जातो. १९२९ सालीं येथें पावसाची मुळींच नोंद झाली नाहीं. १९३१ ते १९३४ या काळांतील सलग चाळीस महिन्यांत मिळून अवघा ०.६४ इंच पाऊस पडला. उलट बाजूस, येथील ऊन आणि कोरडा वारा वर्षाकांठीं सुमारें १५० इंच खोलीचें पाणी शोषून घेऊं शकतात. ज्या घरांत मिळकत दोन आणि खर्च दीडशें, त्या घराची जी अवस्था, तीच या खोऱ्याची.

उष्णतेचें कारणही याच घडणींत आहे. झाडझाडोरा विरळ, हवा कोरडी, त्यामुळें सूर्याचा ताप सरळ जमिनीस लागतो. तापलेली हवा वर चढते, परंतु दोहों बाजूंच्या उंच भिंतींमुळें तिला बाहेर पडण्यास वाव मिळत नाहीं. ती किंचित् थंड होऊन पुनः खालीं येते, आणि खालीं येतांना दाबली जाऊन अधिकच तापते. १९१३ सालच्या १० जुलै रोजीं येथें १३४ अंश फॅरनहाइट उष्णता नोंदली गेली. त्या आंकड्याबद्दल कांहीं हवामानशास्त्रज्ञ शंका घेतात, तरी पृथ्वीवरील सर्वोच्च हवामानाचा मान अधिकृतपणें त्याच दिवसाकडे आहे. जुलै महिन्यांत दिवसाचें कमाल तपमान सरासरीनें ११६ अंशांच्या घरांत असतें. जानेवारींत मात्र तेंच ६७ अंशांवर येतें, आणि रात्रीं ४० अंशांपर्यंत उतरतें. एकाच भूमीचीं हीं दोन रूपें आहेत. कोणत्या रूपास भेटावयाचें, हें प्रवाशानें निघण्यापूर्वीं ठरवावयाचें असतें.

१९३३ सालच्या फेब्रुवारींत राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनीं या प्रदेशास ‘राष्ट्रीय स्मारक’ म्हणून संरक्षण दिलें, आणि १९९४ सालीं त्याचें राष्ट्रीय उद्यान झालें. आज त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५,३०० चौरस मैल, म्हणजे जवळजवळ आपल्या यवतमाळ जिल्ह्याएवढें आहे. या अफाट प्रदेशांत वस्तीचीं ठिकाणें बोटांवर मोजण्याइतकीं, पेट्रोल मिळण्याचीं त्याहूनही थोडीं, आणि खिशांतील दूरध्वनि बहुतेक ठिकाणीं मुका असतो.

मोटारीनें पश्चिमेकडून येणाऱ्या प्रवाशास पहिला धडा घाटांतच मिळतो. १९० क्रमांकाचा राजमार्ग पॅनामिंट पर्वतावरील टाउन खिंडींत जवळजवळ पांच हजार फुटांवर चढतो, आणि तेथून पंधरावीस मैलांत थेट समुद्रसपाटीवर, स्टोव्हपाइप वेल्स या ठिकाणीं उतरतो. रस्ता उत्तम, डांबरी व बहुतेक सरळ आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी होतात. जाणता चालक खालचा गिअर घालून इंजिनच्या आधारानें उतरतो. चढतांना काळजी उलट घ्यावी लागते. आंतील हवा थंड करणारें यंत्र बंद ठेवावें, अशा सूचना चढावर लाविलेल्या असतात. कारण आंतील माणसांचें सुख आणि इंजिनचें स्वास्थ्य हीं दोन्ही एकाच वेळीं साधत नाहींत. नव्या मोटारींची कसोटी पाहण्यासाठीं कारखानदार भर उन्हाळ्यांत मुद्दाम येथें गाड्या आणतात, यावरूनच या रस्त्यांची परीक्षा किती कठीण आहे तें समजून येईल.

डांबरी रस्ता सोडला म्हणजे निराळेंच जग सुरू होतें. ‘रेसट्रॅक’ नांवाच्या एका सपाट, वाळलेल्या तळ्याच्या पात्राकडे २७ मैलांची एक खडबडीत वाट जाते. त्या पात्रावर मोठमोठे दगड आपल्यामागें लांब चर सोडून सरकलेले दिसतात. ते कोण सरकवितो, याविषयीं बहुत वर्षें तर्क चालले होते. २०१३ सालच्या डिसेंबरांत संशोधकांनीं तो प्रकार प्रत्यक्ष पाहिला. हिवाळ्यांत पात्रांत साचलेल्या उथळ पाण्यावर रात्रीं बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो. दिवसां तो फुटून मंद वाऱ्यानें वाहूं लागतो, आणि ओल्या चिखलावरून दगडांना हळूहळू ढकलीत नेतो. हें नवल पाहण्यास जाणाऱ्यांस त्या वाटेवरील अणकुचीदार खडे टायर फाडून आपलें नवल दाखवितात. भक्कम टायरांची, उंच बांधणीची गाडी आणि एकाहून अधिक जादा चाकें नसतील, तर त्या वाटेस जाऊं नये, असें उद्यानाचे रक्षक सांगतात.

बहुतेक प्रवाशांचा पहिला मुक्काम फर्नेस क्रीक येथें पडतो. नांवाचा अर्थ ‘भट्टीचा ओढा’. पण डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळीं ही भट्टी विझलेली असते. समुद्रसपाटीच्या खालीं सुमारें दोनशें फुटांवर, विरळ झाडांच्या आश्रयानें तंबू उभे राहतात. येथें वारा अकस्मात् उठतो. खुंट्या नीट ठोकलेल्या नसतील तर रिकामा तंबू पतंगासारखा उडून जातो. जळणासाठीं वाळवंटांतील एक काटकीही उचलण्यास मनाई आहे. लांकूड बरोबर आणावें लागतें, आणि राख मागें टाकतां येत नाहीं. दिवस मावळला म्हणजे पूर्वेकडील डोंगर क्षणभर तांबूस होतात, मग झपाट्यानें थंडी पडते, दूर कोठें कोल्हेकुई ऐकूं येते, आणि आकाश उघडतें. २०१३ सालीं या उद्यानास अंधाऱ्या आकाशाचें राखीव स्थान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. शहरांत वाढलेल्या मुलांस आकाशगंगा म्हणजे काय, तें येथें शब्दांनीं सांगावें लागत नाहीं.

परंतु या तंबूंच्या आसपासच्या भूमीस इतिहास आहे, आणि तो ऐकल्यावांचून येथील मुक्कामाचा अर्थ कळत नाहीं.

१८४९ सालीं कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या ओढीनें हजारों लोक पश्चिमेकडे निघाले होते. त्यांतील कांहीं मंडळी, एका तुटपुंज्या नकाशावर विसंबून, जवळची वाट म्हणून मुख्य तांड्यापासून फुटली, आणि डिसेंबर महिन्यांत बैलगाड्यांसह या खोऱ्यांत उतरली. समोर पॅनामिंट पर्वताची भिंत. गाड्या पलीकडे जाण्यास वाट नाहीं. बेनेट व आर्केन या दोन कुटुंबांत चार लहान मुलें होतीं. शेवटीं त्यांनीं एका झऱ्याकांठीं तळ दिला, आणि विल्यम लुईस मॅन्ली व जॉन रॉजर्स या दोन तरुणांस अन्न आणावयास पायीं धाडिलें. सुमारें अडीचशें मैल पर्वत व वाळवंट तुडवीत ते दोघे वस्तीस पोंचले. तेथें त्यांना कोणी अडविलें नसतें; ते मागें न फिरते तरी त्यांना जाब विचारणारें कोणी नव्हतें. तरी ते शिधा व एक खेचर घेऊन परत फिरले आणि सव्विसाव्या दिवशीं तळाजवळ आले. वाटेंत त्यांना तळावरील कप्तान कल्व्हरवेल यांचें प्रेत पडलेलें आढळलें. वाट पाहून कंटाळलेले कांहीं लोक झरा सोडून निघून गेले होते. त्यांतच तेही होते. झऱ्याजवळ राहिलेलीं दोन्ही कुटुंबें मात्र जिवंत होतीं. सदरे शिवून केलेल्या झोळ्या बैलाच्या पाठीवर घालून त्यांत लहान मुलांना बसविलें, आणि ती मंडळी पर्वत ओलांडून निघाली. वरून मागें वळून पाहतांना कोणी या मृत्यूच्या खोऱ्याचा निरोप घेतला, आणि तेंच नांव रूढ झालें, असें सांगतात. मॅन्ली यांनीं ही हकीकत पुढें १८९४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

या कथेंतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. तो काळ हिवाळ्याचा होता; तोच तांडा जुलै महिन्यांत उतरता तर ग्रंथ लिहिण्यास कोणी उरलें नसतें. आणि जीं माणसें पाण्याजवळ थांबलीं तीं वांचलीं.

ज्यांनीं खोऱ्यास हें भयंकर नांव दिलें ते वाट चुकलेले पाहुणे होते. घरचीं माणसें निराळींच होतीं. टिंबिशा शोशोनी लोक त्यापूर्वीं शेंकडों वर्षें येथें राहत आले होते. त्यांच्या भाषेंत या स्थळाचें नांव येथील डोंगरांत मिळणाऱ्या, अंगास लावावयाच्या तांबड्या गेरूवरून पडलेलें आहे. त्यांत मृत्यूचा वासही नाहीं. हिवाळ्यांत ते खोऱ्याच्या तळाशीं झऱ्यांजवळ राहत. आपल्याकडील शमीच्या गोत्रांतील मेस्किट नांवाचें झाड तेथें होतें. त्याच्या शेंगा वाळवून, कुटून त्या पिठावर त्यांचा निर्वाह चाले. ऊन चढूं लागलें म्हणजे ते पॅनामिंट पर्वतावर चढत, आणि शरद् ऋतूंत तेथील पिन्यन देवदाराच्या बिया गोळा करून थंडीबरोबर पुनः खालीं येत. वर्षांतून एकदां चढणें आणि एकदां उतरणें, हेंच त्यांच्या संसाराचें वेळापत्रक होतें. पुढें आलेल्या उद्योगालाही तें कांहीं अंशीं पाळावें लागलें. १८८३ ते १८८८ या काळांत फर्नेस क्रीकजवळ हार्मनी येथें टांकणखाराचा कारखाना चालला. त्याचा माल खेचरांच्या मोठ्या जुंपणीनें १६५ मैलांवरील मोहावी स्थानकापर्यंत जात असे. तोही उन्हाळ्यांत बंद ठेवावा लागे, कारण त्या उष्णतेंत द्रवाचे खडेच जमत नसत.

टिंबिशा लोकांस मात्र त्यांच्या शहाणपणाचें फळ बरें मिळालें नाहीं. १९३३ सालीं स्मारक झालें, तेव्हां त्यांच्यासाठीं एक बिघाही जमीन राखून ठेविली गेली नाहीं. १९३६ च्या सुमारास फर्नेस क्रीकजवळ त्यांच्याकरितां कच्च्या विटांचीं कांहीं घरें बांधून दिलीं. पण १९५७ नंतर, उन्हाळ्यांत कुटुंबें डोंगरावर गेलीं म्हणजे रिकामीं दिसणारीं घरें पाण्याच्या फवाऱ्यांनीं विरघळवून पाडण्यांत आलीं. जेथें पाण्याचा थेंब मोलाचा, तेथें पाणी या कामीं आलें. ऋतुमानाप्रमाणें वर जाणें, हा जो त्यांचा जगण्याचा मार्ग, तोच घर सोडून दिल्याचा पुरावा ठरला. तरीही कांहीं कुटुंबें हटलीं नाहींत. १९८३ सालीं त्यांच्या जमातीस शासनाची मान्यता मिळाली, आणि २००० सालच्या कायद्यानें सुमारें ७,७०० एकर भूमि त्यांना परत देण्यांत आली. तींतील सुमारें ३१४ एकर फर्नेस क्रीक येथेंच आहे. हिवाळी प्रवाशांचे तंबू आणि त्यांचें गांव आज शेजारीं शेजारीं आहेत.

गंमत अशी, कीं उद्यानांतील मुक्कामाच्या जागांची व्यवस्था पाहिली तर तींत टिंबिशांचेंच वेळापत्रक उमटलेलें दिसतें. तळाकडील सनसेट व टेक्सास स्प्रिंग या जागा थंडीच्या दिवसांसाठीं आहेत. मेस्किट स्प्रिंग १,८०० फुटांवर, वाइल्डरोझ ४,१०० फुटांवर, आणि पर्वतमाथ्याजवळील महॉगनी फ्लॅट ८,२०० फुटांवर. ही शेवटची जागा हिवाळ्यांत बर्फामुळें बंद असते व उन्हाळ्यांत उपयोगी पडते. दर हजार फूट चढावर उष्णता तीन ते पांच अंशांनीं उतरते. म्हणजे खोऱ्यांत ११६ अंश असतांना महॉगनी फ्लॅटवर झाडांच्या सावलींत सुखानें झोंपतां येतें. या वरच्या वाटेवर, सुमारें ६,८०० फुटांवर, १८७७ सालीं बांधलेल्या, पोळ्याच्या आकाराच्या कोळशाच्या दहा भट्ट्या अद्याप शाबूत उभ्या आहेत. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं आंखलेली सोय आणि त्या लोकांची जुनी चाल यांत वस्तुतः भेद नाहीं. भेद एवढाच, कीं एकीस सोय म्हटलें गेलें आणि दुसरीस भटकेपणा.

हें वेळापत्रक मोडलें म्हणजे काय होतें, याचें एक दुःखद उदाहरण आहे. १९९६ सालच्या जुलै महिन्यांत जर्मनीहून आलेलीं चार माणसें, त्यांत दोन लहान मुलें, भाड्याची मोटार घेऊन येथें आलीं, आणि डोंगरांतील एका कच्च्या वाटेस लागलीं. ऑक्टोबरांत त्यांची गाडी एका निर्जन दरींत, फुटलेल्या टायरांसह आढळली, माणसें नव्हतीं. त्यांतील मोठ्यांच्या अस्थि तेथून कांहीं मैल दूर २००९ सालीं सांपडल्या. त्या गाडींत नव्या युगाचें सर्व सामर्थ्य होतें. १८४९ सालच्या कुटुंबांजवळ थकलेले बैल होते. परंतु एकांना ऋतु अनुकूल होता आणि शेजारीं झरा होता. दुसऱ्यांना दोन्ही नव्हतीं.

म्हणून जाणते लोक येथें कांहीं नियम कटाक्षानें पाळतात. दर माणशीं दर दिवशीं निदान एक गॅलन पाणी, आणि गाडीसाठीं निराळें. आपण कोणत्या वाटेनें जाणार व केव्हां परतणार, हें मागें कोणास तरी सांगून ठेवणें. वाट दाखविणाऱ्या यंत्रापेक्षां कागदी नकाशावर व रक्षकांच्या सांगण्यावर अधिक विश्वास ठेवणें, कारण खाणींच्या काळच्या मोडलेल्या वाटाही त्या यंत्रास रस्तेच वाटतात. उन्हाळ्यांत सकाळीं दहानंतर सखल भागांत पायीं न हिंडणें. आणि गाडी बिघडलीच, तर गाडी न सोडणें. कारण चालणारा माणूस शोधणाऱ्यास दिसत नाहीं, उभी गाडी दिसते.

इतकें सांगूनही एक गोष्ट उरते, आणि ती ऐकून श्रोत्यांस आश्चर्य वाटेल. या उद्यानांत सर्वांत अधिक बळी उष्णता घेत नाहीं, तहानही घेत नाहीं. रिकामा, सरळ रस्ता पाहून वेग वाढवावा, एखाद्या वळणावर चाक डांबरावरून खडीवर उतरावें, आणि गाडी उलटावी, अशा एकाकी अपघातांतच येथें बहुतेक माणसें दगावतात. ज्या घाईनें १८४९ सालीं जवळची वाट धरावयास लाविलें, तीच घाई आज चालकाच्या पायांत शिरलेली असते.

येथें पाऊसही घाईनें येतो. २०२३ सालच्या २० ऑगस्ट रोजीं एका वादळाच्या शेपटानें फर्नेस क्रीक येथें एका दिवसांत २.२ इंच पाऊस पाडला, म्हणजे वर्षाचें सगळें उत्पन्न एका दिवसांत हातीं आलें. उघड्या डोंगरांवरून पाणी धोंडे घेऊन धांवलें. रस्ते वाहून गेले, आणि उद्यान जवळजवळ दोन महिने बंद ठेवावें लागलें. बॅडवॉटरच्या मिठावर तळें साचलें. हिमयुगांत या जागीं एक विशाल सरोवर होतें. संशोधकांनीं त्यास मॅन्ली यांचें नांव दिलें आहे. तें सरोवर जणूं थोड्या दिवसांसाठीं परत आलें, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत लोकांनीं त्यांत होड्या वल्हविल्या. पुढें ऊन चढलें, आणि पाणी पुनः मिठाच्या पांढऱ्या थराखालीं नाहींसें झालें.

निघण्याच्या दिवशीं तंबू गुंडाळून, राख व केरकचरा बरोबर घेऊन प्रवासी पुनः घाट चढूं लागतो. वर खिंडींत हवा थंड लागते, आणि मागें तें पांढरें खोरें उन्हांत शांत पसरलेलें दिसतें. त्या वेळीं गाडींतील पाण्याचा डबा जड लागला, त्यांतील पाणी उरलें असलें, तर मुक्काम चांगला झाला असें समजावें.